चाखोबाचा पहिला घास

दूध उतू गेलं, शेगडीवर सांडलं, भांड्याच्या बुडाला लागून काळं ठिक्कर पडलं, आणि चाखोबा तिथून हातभर अंतरावर स्टुलावर बसून दाढीला फेस लावत होता. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे त्याने मान वळवली. तोवर मागच्या दारी कपडे वाळत घालणारी बायको हातातला ओला पिळा तसाच टाकून आत धावली होती.

"अहो, नाक काय शेजाऱ्याकडे राखायला दिलंय? अख्खी गल्ली जळक्या वासाने दारात आली आणि तुम्ही इथे बसून फेस काढताय!"

"सर्दी झालीय गं."

"सर्दी? शिंक नाही, शेंबूड नाही. ही कसली मुकी सर्दी?"

चाखोबा हसला. बायकोही पुटपुटत का होईना हसली आणि भांडं घासायला घेऊन गेली. ती वळल्यावर तो पुन्हा दाढीला लागला. वस्तरा गालाला लागला, हनुवटीला लागला. सर्दी नव्हतीच. मधे ताप येऊन गेला होता. ताप गेला तो जाताना नाक घेऊन गेला, आणि ही गोष्ट चाखोबाशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हती.

आता माणसाचं नाक गेलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. गवंड्याचं जावं, शिंप्याचं जावं, कारकुनाचं तर जावंच, म्हणजे कचेरीच्या मोरीशेजारी बसणं तरी सुखाचं होईल. पण चाखोबाच्या घरची चूलच त्या नाकावर पेटत होती.

त्याचा बाप पिठाच्या गिरणीत हमाल होता. चाखोबाही मिसरूड फुटायच्या आत पाठीवर पोतं घेऊन जुन्या शहराच्या बोळांतून फिरायला लागला. खानावळी, पावाच्या भट्ट्या, दारूचे गुत्ते, सगळीकडे पीठ त्याच्या पाठीवरून जायचं, आणि जायचं ते मागच्या दाराने. पुढच्या दाराने येणाऱ्याला ताट दिसतं, मागच्या दाराने येणाऱ्याला खरकटं दिसतं. कुणाचं तेल काळं झालंय, कोण मासळी धुतो आणि कोण नुसती ओली करतो, कुणाच्या घडवंचीखाली उंदराच्या लेंड्या आहेत, हे त्याला त्या घरच्या सुनेपेक्षा आधी कळायचं. कळायचं म्हणजे डोळ्याने नव्हे. दारात पाय ठेवला की नाक सांगायचं.

शहर जुनं. पडकी तटबंदी, वेशीचे दगड, एक बुरूज, आणि ते बघायला लांबून येणारी माणसं. दगड बघून पोट भरत नाही. उन्हं डोक्यावर आली की ही माणसं बोळाबोळांतून हरवलेल्या शेरडांसारखी हिंडायची. असंच एक नवराबायकोचं जोडपं एकदा चाखोबाला आडवं आलं आणि म्हणालं, "भाऊ, इथली माणसं कुठे जेवतात?" चाखोबाने पोतं तिथेच भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "चला." पुढे पिठाने पांढराफटक झालेला हमाल आणि मागे ते दोन पाहुणे. लोक म्हणाले, भूत बघा कसं गिऱ्हाईक धरून जेवायला चाललंय. त्या दिवसापासून पाठीवरचं पोतं सुटलं आणि हा धंदा लागला. रोज सकाळी वेशीपाशी उभं राहायचं, चार-सहा पाहुणे जमले की त्यांना घेऊन शहर चाखवत न्यायचं.

बोलायला तर काय, जीभ तेलातली. वेशीपासून निघाला की त्याची गाडी सुरू. "कॉफी प्यायची तर बुरजाखाली, आणि तीही उभ्याने. बसलात की तो कपभर पाणी वाढवतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पाव घ्यायचा तो कोपऱ्यावरच्या भट्टीचा, पण पहिला घाणा नको, दुसरा घ्या. पहिल्या घाण्याला भट्टीचा अंदाज नसतो. दारात उभा राहून जो तुम्हाला 'या या' करतो ना, त्याच्याकडे चुकून जाऊ नका. चांगल्या जेवणाला हाका मारायला सवड नसते. पाटीवर पदार्थांचे रंगीत फोटो दिसले की मान खाली घालून पुढे चला. आणि दवाखान्यातल्या नर्सा जिथे जेवतात तिथे डोळे मिटून बसा. त्यांना आजारी पडायला परवडत नाही."

पण खरा मान होता पहिल्या घासाचा. कुठेही गेलं तरी आधी चाखोबा चाखणार. चमचा नाकापाशी नेणार, क्षणभर थांबणार, मग जिभेवर ठेवून डोळे मिटणार. मान हलली की पाहुण्यांनी जेवायचं. एकदा मासळीच्या एका दुकानात त्याने चमचा तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "उठा मंडळी." दुकानदाराने रस्त्यापर्यंत येऊन आई-बाप काढले. चाखोबा पाहुण्यांना घेऊन पुढे गेला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जेवलेली माणसं दवाखान्याच्या ओट्यावर ओळीने आडवी होती. तेव्हापासून त्याला चाखोबा हे नाव पडलं, ते इतकं पक्कं बसलं की सासुरवाडीचेही त्याच नावाने हाक मारू लागले. स्वयंपाकी मंडळी दाराच्या फटीतून त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मान हलली की त्यांचाही जीव भांड्यात पडायचा.

आणि आता त्याच माणसाला स्वतःच्या घरात करपलेलं दूध कळत नव्हतं.

त्याने करून बघायचं ते सगळं करून बघितलं होतं. कांदा फोडून नाकाला लावला. डोळे चुरचुरले, वास नाही. दिव्याची रॉकेलची बाटली हुंगली. बुटाचं पॉलिश हुंगलं. बायको झोपली असताना तिच्या तेल लावलेल्या केसांवर नाक टेकवून बघितलं, तर ती जागी होऊन म्हणाली, "ह्या वयात काय हो?" त्याला लाजता आलं नाही आणि खरं सांगताही आलं नाही. जिभेवर खारट कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. पण कांदा आणि सफरचंद यांत फरक म्हणाल तर दाताला लागेल तेवढाच. औषधाच्या दुकानदाराला त्याने "माझ्या एका मेहुण्याचं" म्हणून विचारलं, तर तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "येतं कुणाचं परत. कुणाचं नाही येत."

भीती म्हणजे उधईसारखी, आतून खाते. चाखोबा दिवसातून दहा वेळा गॅसची कळ चाचपून बघायला लागला. बायको म्हणाली, "कळ झिजवून ठेवाल." स्वतःचा सदरा एकदा बदलला तरी तो पुन्हा बदलायचा, आपल्या अंगाला घाण येत असेल आणि लोक आपल्यासमोर तोंड वळवत असतील, असं वाटायचं. कुणी नुसतं नाक खाजवलं तरी ह्याच्या छातीत धस्स व्हायचं.

तरी धंदा चालू होता. कसा? तर डोळ्यांवर. माशी बसते का बघायची. सुपावर साय धरलीय का बघायची. रोजची गिऱ्हाइकं पानातलं संपवतात का मागे ढकलतात, हे तिरक्या नजरेने बघायचं. जिथे माणसांची रीघ असते तिथेच पाहुण्यांना न्यायचं, कारण तिथे शिळं उरतच नाही. चमचा नाकापाशी नेऊन थांबायचं ते पूर्वीपेक्षा जरा जास्तच थांबायचं. डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांआड काळाकुट्ट अंधार, आणि त्या अंधारात मान हलवायची. पाहुणे म्हणायचे, "वा, काय माणूस आहे!" त्या "वा"ने त्याच्या कानशिलाला घाम फुटायचा.

सांगून टाकावं असं मनात यायचं. पण सांगितल्यावर काय? हमालीचं वय गेलेलं. नाक नसलेल्या चाखोबाच्या मागे कोण येणार? आणि इतके दिवस फसवलं म्हणून शिव्या पडतील त्या वेगळ्या. उद्या येईल, परवा येईल, असं म्हणत तो दिवस ढकलत राहिला.

त्या दिवशी उकाडा असा होता की तटाचे दगड घाम गाळत होते. वेशीपाशी पाच माणसं जमली. एक नवं जोडपं, सारखं एकमेकांचा हात धरणारं. एक पोट सुटलेले दाजी आणि त्यांच्या बायकोचा भाऊ. ही दुक्कल वाटेत एकमेकांना टोचून खायची. आणि एक चष्मेवाली ताई, एकटी, हातात कापडी पिशवी. आयुष्यभर आजारी भावाची शुश्रूषा केली, तो गेला, म्हणून प्रथमच कुठेतरी बाहेर पडलेली. बोलायची ते इतकं हळू की वाक्य संपलं का नाही हे कळायचं नाही.

"दाजी, जपून खा," मेहुणा म्हणाला. "येताना गाडीचं एक चाक तुमच्याच बाजूने बसलं होतं."

"तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊन मी वाळलो होतो रे. आज जरा भरून काढतो."

कॉफी झाली, पाव झाला, आणि चाखोबाने त्यांना मावशीकडे नेलं. मावशीची खानावळ म्हणजे एक लांबट खोली, चार बाकं, आणि भिंतीला एक फट, फटीपलीकडे चूल. तिच्याकडे एकच पदार्थ. हाडांचं सूप आणि पाव. पण ते सूप करायची रीत मात्र वेगळी होती. तिचा हंडा कधी रिकामा होत नसे. आज उरलेलं उद्याच्यात जायचं, उद्याचं परवाच्यात. तिची सासू असल्यापासून ते तसंच चाललेलं. मावशी म्हणायची, "हे माझं विरजण." त्यात भ्यायचं काही नाही, फक्त एक अट: खालचा विस्तव कधी विझू द्यायचा नाही. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून हंडा तसाच धुगधुगत ठेवायचा. चाखोबा पोतं वाहत होता तेव्हापासून मावशीच्या हंड्याला त्याने कधी नाव ठेवलं नव्हतं. म्हणून तर नाक गेल्यावर त्याला सगळ्यांत निर्धास्त जागा वाटायची ती हीच.

वाट्या आल्या. वाफा निघत होत्या. चाखोबाने चमचा नाकापाशी नेला, थांबला, जिभेवर ठेवला. खारट, गरम, जरा आंबट. लिंबू पिळलं असेल. डोळे मिटून त्याने मान हलवली.

दाजींनी पावाचा तुकडा बुडवला. जोडप्याने एकाच वाटीत दोन चमचे घातले. चष्मेवाल्या ताईंचा चमचा मात्र हवेत थांबला.

"दादा," त्या म्हणाल्या, "जरा... वास येतोय का हो? आंबूस? रात्रभर भिजत राहिलेल्या फडक्यासारखा?"

सगळ्यांचे हात थबकले. चाखोबाच्या पाठीवरून गार पाण्याचा ओघळ गेल्यासारखं झालं. आता खरं काय सांगणार? होय म्हणावं तर कशावरून, नाही म्हणावं तर कशावरून? पण जीभ तेलातली, ती आपणहून घसरली.

"ताई, ह्या हंड्याचं वय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. जुन्या शहराची चव जुनीच असायची. पहिल्यांदा येणाऱ्याला तसं वाटतं."

"जुन्याला वास येणारच, ताई," दाजी म्हणाले. "आमच्या मेहुण्याचे मोजे हुंगा एकदा."

खोली हसली. ताई लालेलाल झाल्या. "असेल हो, असेल," त्या म्हणाल्या. "मी आपली साधी बाई, मला काय कळतंय." आणि उगाच शंका काढली म्हणून स्वतःलाच शिक्षा केल्यासारखं त्यांनी अख्खी वाटी संपवली, वर पावाने तळ पुसून खाल्ला.

चाखोबा आणखी पाव आणायला चुलीकडे गेला. मावशी भिंतीला टेकून पदराने वारा घेत होती.

"बरं झालं बाबा, तू मान हलवलीस," ती म्हणाली. "सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

"का गं?"

"अरे, रात्री विस्तव विझला मेला. लाकडं ओली निघाली. सकाळी उठून बघते तर हंडा गार. मग चांगली उकळी आणली दोन-तीनदा, नवीन हाडं घातली, लिंबू पिळलं. म्हटलं, चाखोबा येईल, त्याला कळेलच."

"आणि तू? तू चाखलं नाहीस?"

मावशी हसली. दात नसलेलं हसू. "मला काय चव राहिलीय? रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हापासून तोंडात सगळं लोखंड. वर्ष होऊन गेलं असेल. कुणाला सांगितलं नाही, उगाच गिऱ्हाईक बिचकायचं. मी आपली ह्या फटीतून तुझ्या तोंडाकडे बघते. तुझी मान हलली की माझं मीठ बरोबर."

चाखोबाने पावाची परडी उचलली. तो फटीतून बाहेर बघत राहिला. बाहेर पाच माणसं जेवत होती. ही म्हातारी त्याच्या मानेवर विसंबून होती, तो म्हातारीच्या हातावर. मधल्या मधे त्या हंड्यात काय आहे हे जगात कुणीच चाखलं नव्हतं. एकीने हुंगलं होतं, आणि तिला त्याने भर खोलीत खोटं पाडलं होतं.

तो बाहेर आला. सांगायचं म्हणून तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"चला चला मंडळी, उठा! उशीर झाला. बुरूज बंद व्हायच्या आत गाठायचाय."

"अहो, माझी दुसरी वाटी!" दाजी ओरडले.

"राहू द्या ती. पुढे चांगलं आहे."

बुरूज काही बंद होत नसतो. जोडप्याची अर्धी वाटी उरली होती. मेहुण्याने मुळातच दोन चमचे खाल्ले होते, त्याला हाडांचं आवडत नसे. दाजींच्या पोटात दीड वाटी, ताईंच्या पोटात एक, पुसून घेतलेली. चाखोबा मनातल्या मनात ज्याच्या त्याच्या पोटातलं जोखत पुढे चालला.

ती दुपार त्याने कशी काढली हे त्याचं त्यालाच ठाऊक. तळलेल्या मासळीची जागा आली, तो थांबलाच नाही. गुत्त्यावर थंडगार पेला घ्यायचा असतो, तिथेही नाही. "पाणी प्या, पाणी प्या," एवढंच. मेहुणा म्हणाला, "ह्या शहराची खासियत पाणी दिसतेय." दाजींनी ढेकर दिला की चाखोबाची पावलं अडखळायची. नव्या नवरीने पोटावर हात ठेवला, तो पदर सारखा करायला होता, पण तेवढ्यात ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या स्वतःच्या पोटातही कळ यायला लागली होती. एकच चमचा खाल्ला होता त्याने. ही कळ सुपाची की भीतीची, हे कळेना. देवा, काही होऊ देऊ नको, एवढा एक दिवस जाऊ दे, मग मी घरी बसतो, असं घोकत तो तटाकडेने चालत राहिला. उन्हं कलायला लागली. अजून कुणाला काही झालं नव्हतं. जरासा धीर आला, आणि त्याने मागे वळून बघितलं.

चष्मेवाल्या ताई बुरजाच्या पायरीवर बसल्या होत्या. चष्मा हातात. चेहरा भिजलेल्या कागदासारखा.

"काही नाही दादा," त्या म्हणाल्या. "उन्हाने होतंय. तुम्ही व्हा पुढे, मी येते." आणि तिथेच बाजूला वळून ओकल्या.

मग पाठोपाठ दाजी. मेहुणा त्यांची पाठ चोळत होता आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचत नव्हता. चाखोबाने ताईंना हाताला धरून उठवायला बघितलं तर हात बर्फासारखा. पिठाची पोती उचललेल्या पाठीला ती बाई काहीच नव्हती. त्याने त्यांना सरळ उचललं आणि वेशीजवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाई तरुण होती, भराभर बोलणारी. ताईंना आडवं केलं, सलाईन लावलं, पिशवीतल्या गोळ्या बघून म्हणाली, "ह्यांना साखरेचा आजार आहे. ओकाऱ्या थांबल्या नाहीत तर अवघड होतं. काय खाल्लं सगळ्यांनी?"

चाखोबाने सांगितलं. कॉफी, पाव, सूप.

"सूप कसं होतं? वास वगैरे?"

पलीकडच्या खाटेवरून दाजी कण्हत म्हणाले, "छे, छे. सुपाला काही नव्हतं. ह्यांनी आधी चाखलं ना. ह्यांनी मान हलवली, मगच आम्ही तोंड लावलं."

एवढं ओकून, घामाघूम होऊन, हा माणूस अजून त्याच्याच बाजूने बोलत होता. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडली असती.

"मला वास येत नाही," चाखोबा म्हणाला.

"आज?" डॉक्टरिणीने विचारलं.

"ताप येऊन गेला तेव्हापासून. काहीच येत नाही. सूप कसं होतं ते मला ठाऊक नाही."

मेहुणा सावकाश उठून उभा राहिला. "आणि मान कशाला हलवलीस, हरामखोरा?"

डॉक्टरिणीने मधे हात घातला. "ते नंतर भांडा. ते सूप अजून आहे का कुठे?"

तेव्हा त्याला आठवलं. संध्याकाळ. कारखान्याची पाळी सुटायची वेळ. मावशीची बाकं भरायची वेळ. आणि हंडा चुलीवर.

तो धावत सुटला. ज्या बोळांतून तो रोज झुलत, बोलत जायचा त्याच बोळांतून पडत-धडपडत. "काय चाखोबा, आज उलटी फेरी?" पाववाला ओरडला. दारादारांतून माणसं त्याच्याकडे बघून हसली. त्याला हंड्यात खळखळणारी पळी ऐकू येत होती, अजून तो तिथे पोचला नव्हता तरी.

खोली अर्धी भरली होती. पाळीवरून आलेले कामगार, दोन नर्सा. मावशी वाट्या भरत होती.

"मावशी, हंडा उतरव."

"का रे? काय झालं?"

सगळ्यांचे चमचे थांबले. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडावर. आणि त्या क्षणी चाखोबाला दिसलं की आपली सुटका हाताच्या अंतरावर आहे. फक्त म्हणायचं, 'सूप विटलंय.' एवढंच. मासळीच्या दुकानातल्यासारखं. लोक म्हणतील, बघा, चाखोबाने पुन्हा वाचवलं. नाव राहील, धंदा राहील. बुडेल ती म्हातारी. हा विचार त्याच्या डोक्यात इतक्या सहज, इतका तयार होऊन आला की दिवसभराच्या भीतीपेक्षा त्या विचाराचीच भीती त्याला जास्त वाटली.

"माझं नाक गेलंय," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच. "दुपारी मला काही कळलं नव्हतं. न कळता मान हलवली. माणसं दवाखान्यात पडलीयत. कुणी खाऊ नका."

मावशीच्या हातातली पळी तशीच ठिबकत राहिली.

"म्हणजे मी कुणाच्या तोंडाकडे बघत होते, मेल्या?" ती म्हणाली.

त्याने फडकी घेतली, हंड्याचा एक कान त्याने धरला, एक तिने. हंडा जड होता. मागच्या दाराने नेऊन त्यांनी तो गटारात उपडा केला. तिच्या सासूच्या वेळचं विरजण भकाभका वाहून गेलं. आतून एका नर्सने नाकाला रुमाल लावला. "अगं बाई, काय हा वास!" चाखोबाला नुसती वाफ दिसली.

माणसं उठून निघाली. त्याच्या अंगाला अंग न लागू देता, भिंतीकडेने. एक कामगार तेवढा बाकावरच बसून होता. रिकामी वाटी पुढ्यात.

"मी तर खाल्लंय की," तो म्हणाला. "सगळं."

"चल माझ्याबरोबर," चाखोबा म्हणाला. "उठ. दवाखान्यात चल."

वाटेत तो कामगार सारखा विचारत होता, "काय होईल हो मला? मरायबिरायचं नाही ना?" चाखोबा त्याचा दंड धरून चालला होता. "नाही" म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

दवाखान्यात दाजींना झोप लागली होती. मेहुणा खाटेच्या पायथ्याशी पाठ करून बसला होता. चाखोबाला बघून त्याने खुर्ची आणखी वळवली. नवं जोडपं बाहेर बाकावर एकमेकांना चिकटून, अजून काही झालं नव्हतं, व्हायची वाट बघत. डॉक्टरिणीने कामगाराला आत घेतलं आणि जाता जाता म्हणाली, "त्या बाईंच्या ओकाऱ्या थांबल्यात. पण आजची रात्र इथेच. लक्ष ठेवावं लागेल."

तो ताईंच्या खाटेपाशी गेला. नळीतून थेंब पडत होते. ताई जाग्या होत्या. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान, उघडे पडल्यासारखे दिसत होते.

"दादा," त्या म्हणाल्या, "तो वास होता ना? फडक्याचा?"

"होता, ताई. हंडा ओतला तेव्हा तिथल्या नर्सला आला. मला येत नाही."

ताईंनी छताकडे बघितलं.

"मला आला होता."

"हो."

"मी म्हटलं होतं."

"हो, ताई. म्हटलं होतंत."

ताईंनी ओठांवरून जीभ फिरवली, तसा त्याने उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलून पुढे केला. ताई कोपरावर उठल्या. पेला त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला, आधी आपल्या नाकापाशी नेला, सावकाश हुंगला, पुन्हा एकदा हुंगला. त्याच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. मग एक घोट घेतला, आणि तो पोटात राहतो का हे बघत दोघंही बसून राहिले.